पहिलीच्या वाट्याचं पाणी

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी काकांकडे आले, त्या उन्हाळ्यात त्यांच्या ओसरीतली कोरफड मरायला टेकली होती. घरातल्या कोणालाच ती नुसती कोरफड वाटत नव्हती.

काकांचं गाव अर्जुनीपासून बैलगाडीनं तासाभरावर. घरची धानाची शेती, शिवाय अर्जुनीला धानाची आडत. माझी आई मी लहान असतानाच गेली. बाबांची नोकरी फिरतीची, म्हणून मला नागपूरच्या एका इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं. सुट्ट्या मात्र इथे, मोठ्या काकूजवळ. मोठ्या काकूला कोणी जायला उठलेलं आवडायचं नाही. पाहुणा असो, शेजारीण असो, पेटी भरणारी मी असो, ती म्हणायची, "राह वो." बायकांना म्हणायचा हा 'वो' ती पुरुषमाणसालासुद्धा चुकून म्हणून जायची आणि मग पदरात तोंड लपवून हसायची. शाळेत मी हा 'वो' माझ्या बोलण्यातून जपून काढून टाकला होता. वर्गातल्या मुली हसत म्हणून.

त्या उन्हाळ्याच्या दोन हिवाळे आधी ती तापानं गेली. मला शाळेत कळवलं ते सगळं उरकल्यावर. त्यामुळे माझ्यासाठी ती गेली नव्हती, फक्त घरात दिसत नव्हती.

त्या वर्षीच्या माघात काकांनी दुसरं लग्न केलं. नवी काकू माझ्याहून दीड वर्षानं मोठी. प्रतापगडाच्या बाजूला तिचं माहेर, वडील दुसऱ्याची शेती ठेक्यानं करणारे, पाठीवर दोन बहिणी लग्नाच्या. ती माझ्याशी बोलायची नाही आणि मीही कोणाशी आपणहून बोलणारी नव्हते. आम्ही एकाच चुलीपुढे बसून, एकमेकींकडे न पाहता, धान्य निवडायचो. तिच्या गळ्यात मंगळसूत्राखाली काळ्या दोऱ्यात एक चांदीचा छोटा टाक होता. त्यावर बाईचं चित्र ठोकलेलं, नाकडोळे पुसट. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीच्या नावाचा असा टाक घालायचा, नवी साडी आधी त्याला लावायची, घास आधी त्याला दाखवायचा, अशी आमच्याकडे रीत. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मोठ्या काकूचा चेहरा त्यात शोधला. सापडला नाही.

त्या वर्षी मी फ्रॉक सोडून साडीत आले होते. आत्यानं मोठ्या काकूची पेटी उघडली आणि तिच्या धुऊन मऊ झालेल्या चार सुती साड्या मला घरात नेसायला दिल्या. नवीला त्या द्यायच्या नव्हत्या. आत्या म्हणजे बाबांची आणि काकांची थोरली बहीण. लहानपणी विधवा होऊन परत आलेली, आणि तेव्हापासून घर तिच्या शब्दावर चालत होतं.

कोरफड मोठ्या काकूनं माहेरून आणलेली. ती लोणच्याच्या एका चिनी मातीच्या बरणीत होती. बरणीचा काठ फुटला तेव्हा टाकून न देता तिनं त्यात माती भरली होती. माझ्या आठवणीत ती कोरफड नेहमी ताठ, टोकदार, जरा रागीट दिसायची. भाजलं, कापलं की तिचाच गर लागायचा. आता तिची पानं बरणीच्या काठावरून खाली लोंबत होती, जशी थकलेली बाई हात सोडून बसते.

"ही घरात आली तवापासून तिनं मान टाकली," आत्या म्हणाली. नवी काकू दोन हात अंतरावर भांडी घासत होती, तिला ऐकू जाईल अशाच आवाजात. "पहिलीले पसंत नाही."

"बाई, झाड आहे ते," काका म्हणाले.

"झाड आहे ना? मंग तू कायले त्याच्याकडं पाठ करून जेवतं?"

काकांनी ताट जवळ ओढलं. ते खरंच पाठ करून जेवत होते.

"मी सांगून ठेवते," आत्या माझ्याकडे बोट करून म्हणाली. "पोरगी कॉलेजात जाईपावतर वाट पाहतो. कोरफड गेली त हिले माहेरी पोचवून द्याचं. एक बाई गेली या घरातून. तिच्या मनाविरुद्ध दुसरी ठेवून मले आनखी कोनाले मसनात पोचवाचं नाही."

भांड्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. पोचवून दिलेल्या मुलीच्या पाठच्या बहिणींना कोण विचारतं, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. काका ताटावरून उठले आणि हो किंवा नाही काहीच न म्हणता बाहेर गेले. त्यांचं न बोलणं म्हणजे हो, हेही माहीत होतं.

आमच्या शाळेत सिस्टर खिडकीत अशाच जाड पानांच्या झाडांच्या कुंड्या ठेवायच्या. शनिवारी त्या पुसायचं काम माझ्याकडे होतं. ही झाडं तहानेनं मरत नाहीत, आपण पाजून पाजून मारतो, असं सिस्टर सांगायच्या. त्या झाडांना एक इंग्रजी नाव होतं. घरी ते उच्चारायची सोय नव्हती. पण दुपारी सगळे दारं लावून पडले की मी ओसरीत जाऊन कोरफडीजवळ बसू लागले.

तहानलेलं पान बारीक होतं, सुरकुततं, कडा आत वळतात. ही पानं सुरकुतलेली नव्हती. फुगलेली होती, काचेसारखी आरपार, आणि बुंध्याजवळ उकडलेल्या वांग्याच्या सालीच्या रंगाची. दाबलं की बोट आत जायचं आणि खळगा तसाच राहायचा. एक वासही होता. गोडसर, शिळा. मी मातीत बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत गार आणि ओलं.

बाहेर वैशाखाचं ऊन होतं. अंगणातलं शेण सकाळी सारवलं की चहा होईपर्यंत तडकायचं.

"आत्या, कोरफडीला पाणी कोण देतं?" मी विचारलं.

"मी. शनवारी, एक ओंजळ. ती देत होती तेवढंच." आत्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "दुसऱ्या कोनी हात लावाचा नाही, हे सांगतलं आहे सगळ्यायले."

शनिवार होऊन तीन दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीतली कोरडी राख चिमटीनं मातीवर पसरली. पांढरी, सारखी, बोटाचा ठसाही न ठेवता. दुपारच्या जेवणानंतर पाहिलं तर राखेच्या मधोमध एक वाटोळा खळगा होता, आणि त्यात ओली काळी माती. मी पुन्हा राख पसरली. संध्याकाळी दोन खळगे. ओसरीत पाण्याचा थेंब नाही, पावलाचा माग नाही. तिसऱ्या दिवशी राख पसरताना मी मोठ्या काकूची साडी नेसले आहे हे मला एकदम जाणवलं. त्या साडीला अजून तिच्या पेटीतल्या कापराचा वास होता.

त्या दिवशी दुपारी मी ओसरीला लागून असलेल्या धानाच्या खोलीत, पोत्यांच्या मागे, दार किलकिलं करून बसले. आतला अंधार गार होता. घर इतकं शांत होतं की पोत्यातून एखादा दाणा घसरला तरी ऐकू येई. आत्याचं घोरणं येत होतं. मग तेही थांबलं.

ओसरीत कोणीतरी अगदी हळू म्हणालं, "घ्या, ताई."

त्या घरात 'ताई' म्हणावं असं कोणी नव्हतं. आत्याला मी सोडून सगळे बाई म्हणत. पाणी मातीत पडल्याचा बारीक आवाज आला, आणि नंतर, मी शपथेवर सांगेन, कोणीतरी घोट गिळल्याचा.

"घ्या ना. आता काऊन नाही घेत?"

मी दार ढकललं, ते धीर होता म्हणून नाही. पोत्यांत आणखी एक क्षण बसणं शक्य नव्हतं म्हणून. नवी काकू बरणीपुढे उकिडवी बसली होती. हातात पाण्याचा गडवा. अनवाणी, पदर कमरेला गच्च खोचलेला. तिनं मला पाहिलं, म्हणजे आधी साडी पाहिली आणि मग वर, चेहऱ्याकडे. त्या मधल्या क्षणात तिच्या तोंडावर जे होतं ते मी कोणाच्याच तोंडावर पुन्हा पाहिलेलं नाही. गडवा तिच्या हातातून सुटला नाही. तिनं तो माझ्यासमोर धरला.

"काकू, मी आहे," मी म्हटलं.

"हव, बाई," ती म्हणाली, पण गडवा खाली घेतला नाही.

मग ती बोलली. इतके दिवस गप्प असलेली बाई कुजबुजत, भराभर बोलली. लग्न होऊन आली त्या दिवशी आत्यानं तिला बरणीपुढे उभं केलं आणि सांगितलं, आधी तिचं, मग तुझं. घास टाकाला दाखवता येतो. साडी लावता येते. पण पाण्याचं काय?

"टाक पानी पेते का? आंगावरून सांडून जाते. हे पेते. मी टाकलं का जिरते." तिनं कोरफडीकडे पाहिलं. "मी प्याच्या आधी यायले देते. जवाजवा तहान लागते तवातवा. आधी बरं होतं. मंग मान टाकाले लागल्या. मले वाटलं, कमी पडून राहिलं. मंग मी जास्त देऊन राहिली."

उन्हाळ्यात माणूस किती वेळा पाणी पितं ते मी मनात मोजलं. खाली भोक नसलेली, आतून चकचकीत बरणी. घातलेलं पाणी जाणार कुठे?

"हे थांबवा," मी म्हटलं. "झाड कुजलंय. त्याला पाणी नकोय."

"मंग मी काय पेऊ?"

मला कळलं नाही.

"त्या पेल्याबिगर मी कसी पेऊ, बाई?"

तिचे ओठ फुटलेले होते. मघाशी ऐकलेला घोट तिचाच होता, आधी कोरफडीला आणि मग स्वतःला. मला तिची दया आली आणि भीतीही वाटली. मी हात पुढे केला.

"त्यांच्या वाट्याचं मला द्या."

मग तिनं गडवा वर केला, मी ओंजळ धरली आणि प्याले. पाणी गार होतं, विहिरीच्या तळाशी असतं तसं. मी तोंड पुसल्यावर ती प्याली, सगळा गडवा, मान मागे टाकून.

आत्याला सांगणं त्याहून अवघड होतं. नवी काकू रोज लपून पाणी घालते असं कळलं असतं तर तिनंच झाड मारलं असं ठरलं असतं, आणि कोरफड जगते की मरते याची वाटही न पाहता तिला माहेरी सोडायला गाडी जुंपली असती. मी संध्याकाळी आत्याजवळ गेले आणि म्हटलं, "झाड पाण्यानं कुजलंय. मी रोज पाणी देत होते."

"तू?"

"हो."

"काऊन?"

मला पुढचं खोटं सुचलं नाही. आत्या जवळ आली. तिनं मी नेसलेल्या साडीचा काठ दोन बोटांत धरला आणि आवाज एकदम खाली आणला.

"तिनं मांगतलं का तुले?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे माझं मलाही सांगता येणार नाही. आत्यानं ते हो समजलं. तिनं साडीचा काठ सोडून दिला, जसा गरम कढईचा कान सोडतात.

"कर मंग काय करतं ते," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी मी बरणी आडवी केली. माती निघेना. निघाली तेव्हा तळाशी बोटभर काळं पाणी होतं, आणि तो वास ओसरीभर पसरला. काका उठून गोठ्याकडे गेले. मुळं दोरे कुजावेत तशी हातात तुटली. मी विळीवर बुंधा थोडा थोडा कापत गेले. तपकिरी, तपकिरी, मग पिवळट, आणि शेवटी एकदाचं पांढरं घट्ट मांस लागलं. तिथे थांबले. पिवळा चीक हाताला लागला आणि तीन दिवस गेला नाही. कापलेल्या जागी राख आणि हळद चोळली. नवी काकू हळद वाटीत धरून माझ्या मागे उभी होती आणि प्रत्येक कापाला दातांतून श्वास ओढत होती.

जखम वाळायला हवी होती. मी बुंध्याला सुतळी बांधली आणि कोरफड ओसरीच्या वाशाला उलटी टांगली. तसं आमच्याकडे नवीन नाही. दृष्ट लागू नये म्हणून दारावर कोरफड उलटी टांगतात आणि ती माती-पाण्याशिवाय जगते. पण दारावरची नुसती कोरफड असते. ही कोण होती ते सगळ्यांना माहीत होतं. वारा नसतानाही ती सुतळीवर सावकाश फिरायची. दुपारी तिची सावली भिंतीवर पडायची, पाच-सहा लांब बोटांची, आणि काका जेवायला बसले की बरोबर त्यांच्या पाठीवर यायची. त्यांनी पाट हलवला. दोन दिवसांनी पुन्हा होता तिथे आणला.

दहा दिवस मी तिला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. त्या दहा दिवसांत तिच्या वाट्याचं सगळं पाणी मी प्याले. भांडी झाली की नवी काकू यायची. पापड वाळत घालून झाले की यायची. तिनं मला बाई म्हणणं कधी सोडलं ते माझ्या लक्षात आलं नाही. एक दिवस ती गडवा धरून म्हणाली, "घ्या, ताई," आणि मी ओंजळ पुढे केली. मग ती मला सांगू लागली, आज भाजीत लाखोरीची दाळ टाकली, आज त्यायनं दोन पोया जास्त घेतल्या. काकांबद्दल बोलताना लाजायची आणि माझी परवानगी असल्यासारखी थांबायची. मी "बरं" म्हणायचे. काय म्हणणार?

"इंग्रजी शिकून आली आन चालते तिच्यावानी," आत्या एकदा म्हणाली. थट्टा होती, पण म्हणताना ती माझ्याकडे पाहत नव्हती.

कोरफड परत लावायला मी कुंभाराकडचं मडकं आणलं आणि तळाला भोक पाडायला खिळा घेतला, तर आत्यानं माझं मनगट धरलं. भोक पाडलेलं मडकं आमच्यात एकाच वेळी लागतं, सरणाभोवती फिरताना. ते घरात ठेवायचं? मी खिळा ठेवून दिला. मोठ्या काकूनं बरणी का घेतली असेल ते मला तेव्हा कळलं. ओंजळभर पाण्यावर चालणाऱ्या झाडाला भोकाची गरजही पडली नव्हती. शेवटी नवी काकूच उठली आणि बुरडाकडून आणलेली बांबूची जुनी टोपली घेऊन आली, धान पाखडताना फाटलेली.

"हिच्यातून सगळं गळते," ती म्हणाली. इतक्या दिवसांत ती आत्यासमोर पहिल्यांदा आपणहून बोलली होती.

टोपलीत विटांचे तुकडे घातले, नदीची जाड रेती, थोडी माती. कोरफड बसवली, भोवती दगड लावले. पाणी घातलं नाही. आत्या रोज येऊन पाहायची. पंधरा दिवस ती तशीच मेल्यासारखी होती. बाहेरची तीन पानं वाळून कागद झाली. नवी काकू आता जेवत नव्हती म्हटलं तरी चालेल, फक्त माझ्यामागून पाणी प्यायची. मीही घाबरले. एखाद वेळी बुंध्यात अजून कुज असेल, मी पुरेसं कापलं नसेल. मी जायचा दिवस ठरला होता.

त्याच्या आदल्या सकाळी आत्यानं मधल्या पानाला बोटानं दाबलं. बोट आत गेलं नाही. तिनं पुन्हा दाबलं. पान ताठ होतं, आणि बुंध्याशी पांढऱ्या ठिपक्यांचा एक कोवळा कोंब रेतीतून वर आला होता, करंगळीच्या नखाएवढा. आत्या हात पुसत आत गेली. तिनं काकांनाही सांगितलं नाही. दिवसभर नवी काकू तिच्या तोंडाकडे पाहत होती, आणि आत्या तिच्याकडे सोडून सगळीकडे.

दुसऱ्या दिवशी काकांनी गाडी जुंपली. अर्जुनीहून मला छोट्या रुळांची आगगाडी पकडायची होती. माझी पेटी वर चढली. मी आता मोठ्या काकूच्या नाही, स्वतःच्या नव्या साडीत होते. आत्याच्या पाया पडले. तेव्हा नवी काकू गडवा घेऊन दारात आली. सगळ्यांसमोर. मी ओंजळ धरली, प्याले. नेहमीसारखी ती नंतर प्याली नाही. गडवा छातीशी धरून तिनं स्पष्ट आवाजात विचारलं,

"ताई, मी राहू ना इथं?"

काका बैलाच्या दोरीशी खटपट करत होते, ते थांबले. आत्या पायरीवर तशीच उभी राहिली. मी सांगणार होते की असं मला विचारू नका, आत्याला विचारा. मी तसं म्हणायला तोंडही उघडलं.

"राह वो," मी म्हटलं.

आवाज माझा नव्हता असं मी म्हणणार नाही. पण तो 'वो' मी कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता, आणि तो जरा लांबवून, शेवटी हसू दाबल्यासारखा म्हणायचा असतो हे मला ठरवावं लागलं नाही. काकांनी झटकन माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नव्या काकूनं गडवा तोंडाला लावला आणि संपवला.

आत्यानं दाराच्या चौकटीला हात टेकला. बैलांनी दोनदा माना झटकल्या.

"आयकलं ना?" ती शेवटी नवीला म्हणाली. "जाय मंग. चुलीवर दूध आहे, उतू जाईन."

स्टेशनवर पेटी चढवून देताना काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि ठेवला नाही. तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला.

त्याला दोन वर्षं झाली. आत्याची पत्रं काका लिहून देतात. टोपली आता पिल्लांनी भरली आहे, नवीला दिवस गेले आहेत, मी कधी येते असं विचारतात. मी अजून गेलेले नाही. इथे कॉलेजच्या वसतिगृहात उन्हाळ्यात माठ लवकर आटतो आणि दुपारी मुली तहानेनं कासावीस होतात. मी होत नाही. जेवणं झाल्यावर, तिकडे भांडी होतात त्या सुमाराला, माझा घसा आपोआप गार होतो.

नवी काकू पाणी आता आधी कोणाला देते, हे मी पत्रात विचारलेलं नाही.